झाकण दाबा, काडी फिरवा, ओढा

भाजलेलं मांस बंद डब्यात घातलं की दहा मिनिटांत ते उकडलेलं होतं. ठाण्यात घरून जेवणाच्या ऑर्डरी घेता घेता मला बावीस वर्षं झाली आणि या एका गोष्टीवर मला कधी उपाय सापडला नव्हता.

आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाण्याकडचे मूळचे ख्रिस्ती. मासुंदा तलावाच्या काठी सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च आहे, तिथून चालत सहा-सात मिनिटांवर आमचं जुनं बैठं घर आणि त्यातच माझं स्वयंपाकघर. लग्न, ख्रिस्टनिंग म्हणजे बाळाचा बाप्तिस्मा, फर्स्ट कम्युनियन, कुणाच्या चाळीसाव्या वाढदिवसाची पार्टी, सगळीकडे माझे डबे जातात. पोर्क इंद्याल, म्हणजे व्हिनेगर घातलेलं डुकराच्या मांसाचं कालवण, फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव, आणि बाटलीत भरून ठेवतात त्या आमच्या बाटली मसाल्यातली कोंबडी. इंद्यालची मला कधीच काळजी नसते, ते दुसऱ्या दिवशी जास्त मुरतं. फुगेही टोपलीत कपडा घालून पाठवले की टिकतात. काळजी असते ती काड्यांची. बांबूच्या काडीवर कोंबडीचे तुकडे आणि कांदा लावून कोळशावर भाजलेले. शेगडीवरून उतरवल्यावर जी चव असते, ती गिऱ्हाइकाच्या ताटात पोचतच नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात घोडबंदर रोडवरच्या एका ख्रिस्टनिंगला साठ काड्या पाठवल्या होत्या. कापूरबावडीला रिक्षा पाऊण तास अडकली. फॉइलच्या डब्यांत काड्या मावेनात म्हणून मी टोकं कातरली होती, तरी दोन डब्यांची झाकणं टोकांनी फाटली. पोचेपर्यंत तुकड्यांची खरपूस कड मऊ पडलेली, कांद्याला पाणी सुटलेलं, आणि ते पाणी तळाशी साचून खालच्या काड्या त्यात बुडलेल्या. बाळाच्या आजीने पैसे पूर्ण दिले आणि एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

ऑक्टोबरात मी तीन आठवडे भाचीकडे जपानला गेले, ते हे डोक्यात ठेवूनच. भाची होक्काइदो बेटावर मुरोरान नावाच्या शहरात वृद्धाश्रमात काम करते. तिकडे या कामाला काइगो म्हणतात. ठाण्यात असताना ती दीड वर्ष जपानी शिकली, परीक्षा दिल्या आणि मग गेली. तिने फोनवर सांगितलं होतं, ‘मावशी, इथे काडीवरचं मांस डब्यात घालून घरी नेतात आणि ते चांगलं लागतं.’ मला तेवढं पुरेसं होतं.

मुरोरान हे बंदराचं आणि पोलादाचं शहर. बंदराच्या तोंडावर हाकुचो नावाचा झुलता पूल आहे, १९९८ साली खुला झालेला. रात्री त्याच्यावर दिवे लागतात आणि पलीकडे कारखान्यांच्या चिमण्या दिसतात. माझे वडील वागळे इस्टेटमध्ये कामाला होते, त्यामुळे असलं शहर मला परकं वाटलं नाही. जिथे शिफ्ट सुटते तिथे गरम, स्वस्त आणि उभ्या उभ्या खाता येईल असं काहीतरी मिळतंच. मुरोरानमध्ये ते काम याकितोरी, म्हणजे काडीवर भाजलेलं मांस, करते.

इथे एक गोष्ट आधीच सांगते, कारण आपल्याकडच्या बऱ्याच जणांना ती माहीत असणं गरजेचं आहे. याकितोरीचा शब्दशः अर्थ ‘भाजलेला पक्षी’, आणि जपानात बहुतेक ठिकाणी ती कोंबडीचीच असते. पण मुरोरानमध्ये आणि होक्काइदोच्याच दक्षिणेकडच्या हाकोदाते शहरातही नुसतं याकितोरी म्हटलं की डुकराचं मांस येतं. कोंबडी हवी असेल तर ‘तोरी’ असं वेगळं सांगायचं. डुकराला ‘बुता’ म्हणतात. हा एक शब्द पाठ करून जा. आम्हाला पोर्क चालतं, म्हणून मला अडचण आली नाही, पण आमच्याच विमानातून आलेल्या डोंबिवलीच्या एका कुटुंबाला मी हे मुद्दाम सांगितलं होतं.

डुकराचं का, याचीही गोष्ट आहे. भाचीच्या वृद्धाश्रमातल्या आजोबांनी तिला सांगितली आणि शहरातही तीच सांगतात. १९३० च्या दशकात कामगारांसाठी गाड्या लागायच्या, त्यावर रानपक्षी आणि डुकराची कलेजी-आतडी भाजून विकायचे. १९३७ मध्ये चीनशी युद्ध सुरू झालं. सैनिकांच्या बुटांसाठी डुकराचं कातडं हवं होतं, म्हणून डुकरं पाळायला सरकारने उत्तेजन दिलं. कातडं लष्कराला गेलं आणि मांस गाड्यांवर आलं. नाव मात्र पक्ष्याचंच राहिलं.

दुसरा फरक कांद्याचा. बाकी जपानात काडीवर मांसाच्या मध्ये पातीच्या कांद्याचा जाड पांढरा दांडा लावतात. होक्काइदोत आपला गोल कांदा लावतात, कारण जपानातला निम्म्याहून जास्त कांदा या एकट्या बेटावर पिकतो. लासलगाव ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल: जिथे कांद्याचे डोंगर असतात तिथे स्वयंपाकी कांदाच वापरणार. आणि तिसरा फरक, ज्याने मला त्या पहिल्या रात्री गप्प केलं, तो मोहरीचा.

भाचीने येता येता तिच्या घराजवळच्या एका छोट्या दुकानातून दहा काड्या आणल्या होत्या. दुकान म्हणजे एक काउंटर, मागे लांबट भट्टी, आणि भिंतीशी सहा खुर्च्या. तिने आधी फोन करून ठेवला होता. पातळ लाकडासारख्या कागदात गुंडाळलेल्या काड्या, त्यावर दाट तपकिरी तारे, म्हणजे सोया सॉस, मिरिन ही तांदळाची गोड दारू आणि साखर आटवून केलेला गोडसर लेप, आणि कागदाच्या एका कोपऱ्यात पिवळा गोळा. त्याला काराशी म्हणतात. मी बोटाने थोडा चाखला आणि थेट आईचं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आलं. ही फेसलेली मोहरी होती! कैरीच्या लोणच्यासाठी आपण मोहरी वाटून पाण्यात फेसतो, ती नाकात जाते, डोळ्यांत पाणी येतं, अगदी तीच. तेल नाही, हिंग नाही, मीठही जवळजवळ नाही.

खांद्याचं मांस, त्याची चरबी कडेने कुरकुरीत, मध्ये कांदा अर्धा कच्चा आणि अर्धा गोड, वर तारेचा गोडवा, आणि शेवटी मोहरीचा झटका. चरबी जिभेवर जड व्हायला लागते नेमक्या त्या क्षणी मोहरी ती कापून काढते. आम्ही हेच काम इंद्यालमध्ये व्हिनेगरकडून करून घेतो. मी पाच काड्या खाल्ल्या. भाचीने तिच्या वाट्याची एक मला दिली, मी नको म्हटलं नाही.

पण डबा म्हणून पाहिलं तर मुरोरानचा कागद सात मिनिटांचा होता. दुकान ते खोली एवढंच अंतर. सहावी काडी मी शेवटी खाल्ली तोवर कागद चिकटला होता आणि तारे टेबलावर उतरली होती. चव अव्वल. पण माझा प्रश्न कापूरबावडीचा होता.

मधल्या काळात साप्पोरोत एका सुपरमार्केटमधली याकितोरीही घेऊन पाहिली. प्लास्टिकच्या ताटलीत कोंबडीच्या पाच काड्या, वर चिकटपट्टी, संध्याकाळी अर्ध्या किमतीत. कोंबडीचं कातडं रबरासारखं ताणत होतं आणि तारे गार होऊन जेलीसारखी थरथरत होती. त्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही. जपानात सगळंच बाहेर नेण्याचं जेवण उत्तम असतं असा जो समज आपल्याकडे आहे, तो मात्र त्या ताटलीने माझ्यापुरता दूर केला.

मग भाची म्हणाली, ‘तुला डबाच बघायचा असेल तर हाकोदातेला जा.’ तिला सुट्टी नव्हती. तिने एका कागदावर जपानीत लिहून दिलं: डुक्कर, सगळ्यात लहान डबे तीन, दोन तारेचे, एक मिठाचा. खाली तिचा फोन नंबर. तो कागद पर्समध्ये घालून मी एकटी निघाले.

हिगाशी-मुरोरान स्टेशनवरून होकुतो नावाची गाडी मिळते, साप्पोरो ते हाकोदाते जाणारी. सगळ्या जागा आरक्षित. दोन तासांहून थोडा जास्त प्रवास, आणि हाकोदातेकडे जाताना डाव्या खिडकीत जवळजवळ सारा वेळ समुद्र. मोरी स्टेशन आलं तेव्हा मी पाटी वाचायला उठून उभी राहिले. इथे १९४१ पासून माकुलात तांदूळ भरून शिजवलेला डबा विकतात. युद्धात तांदूळ कमी पडला, म्हणून कमी तांदळात पोट भरेल असा पदार्थ केला. माकूळच भांडं आणि माकूळच कालवण. आमच्या कोळी शेजारणीला हे सांगितलं तेव्हा तिने दोनदा विचारलं, ‘शिवतात कशाने?’ काडीने टोचतात, एवढं मला माहीत होतं. गाडी दोन मिनिटांत सुटली आणि तो डबा खायचा राहिला.

हाकोदाते बंदर १८५९ साली परदेशी व्यापाराला खुलं झालं. त्यामुळे टेकडीच्या उतारावर चर्च आहेत, रशियन ऑर्थोडॉक्सही आणि कॅथलिकही. मी ट्रामने जुजिगाईला उतरून आधी मोतोमाचीच्या कॅथलिक चर्चमध्ये गेले. शिखराच्या टोकावर कोंबडा आहे. आतली वेदी पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी दिलेली. मी वीस मिनिटं बसले, त्या घोडबंदरच्या बाळासाठी प्रार्थना केली आणि उतारावरून खाली बंदराकडे आले. ऑक्टोबर अखेर होता, पावणेपाचलाच अंधार पडला होता. लाल विटांच्या जुन्या गोदामांवर दिवे लागले होते आणि वारा असा की ठाण्याहून आणलेला स्वेटर कागदासारखा वाटावा.

हासेगावा स्टोअर हे दिसायला साधं दुकान आहे. दूध, मासिकं, छत्र्या, मोजे, बिस्किटं. चोवीस तास उघड्या राहणाऱ्या कुठल्याही दुकानासारखं. हाकोदाते आणि आसपासच्या गावांतच याच्या शाखा आहेत आणि स्थानिक लोक त्याला प्रेमाने ‘हासेसुतो’ म्हणतात. फरक एवढाच की आत शिरल्यावर भाजलेल्या चरबीचा वास येतो. एका बाजूला काउंटर, त्यामागे भट्टी, आणि तुम्ही सांगितल्यावरच काड्या आचेवर चढतात. १९७८ पासून इथे याकितोरी बेन्तो मिळतो. बेन्तो म्हणजे डबा.

मी कागद पुढे केला. काउंटरवरच्या बाईंनी वाचला, मान लववली, नंबर दिला. मी पैसे दिले. एका डब्याचे सहा-सातशे येन, म्हणजे आपले साडेतीनशे-चारशे रुपये. मग मी सरळ काचेपाशी जाऊन उभी राहिले, कारण मला भाजताना बघायचं होतं.

तुकडे सगळे एकाच जाडीचे होते. हे सोपं वाटतं, पण तसं नाही. जाडी सारखी नसेल तर एक तुकडा करपतो आणि शेजारचा कच्चा राहतो, आणि काडी तर एकदमच उलटायची असते. मांस, कांदा, मांस, कांदा, मांस. भाजणाऱ्या बाई काड्या सलग ओळीत ठेवत होत्या, बोटांच्या टोकांनी फिरवत होत्या, चिमटा नाही. आणि मधेच त्यांनी एक बाटली उचलून काड्यांवर फवारा मारला. मला वाटलं पाणी. भाचीला फोन लावला, तिने विचारून सांगितलं: वाईन. हाकोदातेचीच वाईन. त्याने मांसाचा उग्रपणा जातो आणि ते मऊ राहतं. मी हे इतकं लक्ष देऊन ऐकत होते की माझा नंबर दोनदा पुकारला गेला.

आता डब्याबद्दल. मी जे पाहायला आठ हजार किलोमीटरच्या आसपास गेले, ते एवढंसंच होतं.

लांबट डबा. तळाशी गरम भात, घट्ट दाबलेला नाही, मोकळा. भातावर नोरीचं, म्हणजे समुद्री शेवाळाच्या वाळवलेल्या पापडीचं पान, जवळजवळ पूर्ण भात झाकेल एवढं. पानावर तीन काड्या आडव्या. आणि डब्याच्या कडेला काड्यांची बुडं बसतील अशा खाचा. काडीचं बूड खाचेत बसवायचं, झाकण लावायचं, झाकण वरून तळहाताने दाबायचं आणि काडी फिरवत फिरवत बाहेर ओढायची. मांस आणि कांदा आत भातावर राहतात, काडी स्वच्छ हातात येते. कसं करायचं ते झाकणावरच दिलेलं आहे.

बंदराच्या काठावर बाकावर बसून मी पहिला डबा, तारेचा, मांडीवर ठेवला. एक मोठा समुद्रपक्षी अगदी दोन हातांवर येऊन उभा राहिला आणि माझ्या डब्याकडे बघू लागला. तलावपाळीवर कावळे बघतात तसा, फक्त चोच बरीच मोठी. मी झाकण उघडलं नाही. झाकण दाबलं, काडी फिरवली, ओढली. आली! दुसरी ओढली, तीही आली. आत काय चाललंय ते त्या पक्ष्याला दिसत नव्हतं आणि सांडण्याची भीती नव्हती. मग झाकण अर्धं उघडून चॉपस्टिकने खाल्लं.

मी त्या क्षणी जे समजले ते लिहिते. माझ्या डब्यात काडी ही अडचण होती. ती लांब होती, टोकदार होती, झाकण फाडत होती, म्हणून मी तिला कातरत होते. त्यांच्या डब्यात काडी अखेरपर्यंत कामाची आहे. भाजताना ती दांडा आहे, डब्यात ती मांसाला भातापासून जराशी वर उचलून धरते, आणि खायच्या क्षणी ती निघून जाते. मांडीवर डबा घेऊन, हातमोजे घालून, वाऱ्यात बसलेला माणूस कसा खाईल याचा विचार कुणीतरी आधी करून ठेवलाय. मी बावीस वर्षं डबा भरण्याचा विचार केला होता. उघडणाऱ्या माणसाचा विचार करायला मला बंदरावरच्या त्या थंडीत बसावं लागलं.

आणि नोरी. मला वाटलं होतं ती शोभेला असेल. पण काड्यांमधून गळणारी चरबी आणि तारे आधी तिच्यावर पडते. ती हळूहळू ओली होते आणि तेवढंच भातात सोडते. भाताचा लगदा होत नाही. चवीला समुद्राचा खारेपणा देते ते वेगळंच. आपल्याकडे बिर्याणीच्या टोपात केळीचं पान घालतात ते याच कामासाठी, पण पान टाकून द्यावं लागतं. ही खाता येते.

पहिल्या डब्यातलं मी अर्धंच खाल्लं, कारण मला वेळ मोजायची होती. तीन मिनिटांनी खाल्लेल्या मांसाची कड कुरकुरीत होती, चरबी तोंडात फुटत होती, पण भात अजून भातच होता, वेगळा. मिठाच्या डब्यातली एक काडी तिथेच खाऊन पाहिली. ताजी असताना मीठवाली जिंकते, यात मला शंका नाही. कांदा, चरबी, मीठ आणि वाईनचा हलका आंबूसपणा, मध्ये काही आड येत नाही.

मग ट्रामने स्टेशन आणि संध्याकाळची परतीची गाडी. गाडी सुटल्यावर तारेचा तोच अर्धा डबा पुन्हा उघडला. भट्टीवरून उतरून पन्नासेक मिनिटं झाली होती. गाडीत वास पसरेल याची मला धास्ती होती, शेजारी एक गृहस्थ पेपर वाचत होते. काड्या आधीच काढलेल्या, त्यामुळे हात बरबटले नाहीत, मांस लहान लहान घासांत जात होतं, आणि त्यांनी मान वर केली नाही. चवीत बदल झाला होता. मांसाची कड मऊ पडली होती, हे खरं. पण तारे नोरीतून भातात उतरली होती, कांदा पूर्ण गोड झाला होता, आणि आता ते तीन वेगळे पदार्थ नव्हते. मला हा घास पहिल्या घासापेक्षा जास्त आवडला. हा डबा मुळात याच वेळेसाठी केलेला आहे, असं माझं स्वयंपाकीण म्हणून मत आहे. जो तो विकत घेतो तो घरी नेऊन किंवा गाडीत बसूनच खाणार. म्हणून तारे जरा दाट आणि जरा जास्त.

तिसरा डबा भाचीसाठी. तिची ड्युटी संपून ती आली तेव्हा तीन तास उलटून गेले होते. डबा पूर्ण गार. चरबी पांढरी धरली होती. मी काड्या न काढता तसाच ठेवला होता, तर गार झाल्यावर काडी फिरेना, तुकडे चिकटून आले. तिने काट्याने सोडवून, मायक्रोवेव्हमध्ये एक मिनिट गरम करून खाल्लं आणि पातेल्यात उरलेल्या डाळीबरोबर भात संपवला. ‘अजूनही छान आहे,’ म्हणाली. मी चाखलं. तारेची चव टिकली होती. तिच्यासाठी ठेवलेल्या मिठाच्या दोन काड्या मात्र गार झाल्यावर नुसत्या चरबीच्या लागत होत्या. तेव्हा जाणाऱ्यांना माझं सांगणं असं: तिथेच खाणार असाल तर मिठाची घ्या, गाडीत खाणार असाल तर तारेची घ्या, आणि काड्या गरम असतानाच ओढून काढा. दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका.

ठाण्याला परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी जांभळी नाक्यावरच्या डिस्पोजेबलच्या दुकानात गेले आणि खाचा असलेला डबा मागितला. दुकानदाराने असा डबा पाहिलाच नव्हता. मी कागदावर काढून दाखवला. तो म्हणाला, ‘साचा बनवायचा तर हजारोंची ऑर्डर लागेल, ताई.’ मग मी साधे जाड कागदी डबे घेतले, पन्नासाचं पाकीट, आणि घरी कात्रीने एका कडेला तीन तीन बारीक खाचा पाडल्या. झाकणाच्या त्याच बाजूला तशाच. काडीच्या जाडीपेक्षा केसभर मोठ्या. काडी त्यात बसली की झाकण पूर्ण बंद होतं.

आणि इथे मला जे हवं होतं ते आपोआप मिळालं. त्या खाचांतून वाफ बाहेर जाते. फॉइलच्या डब्यात जी वाफ पाणी होऊन तळाशी साचायची, ती आता काड्यांच्या बुडांशेजारून निघून जाते. मी पाऊण तास डबा टेबलावर ठेवून, घड्याळ लावून पाहिलं. तळ कोरडा.

नोरी ठाण्यात मिळते, पण महाग आणि आमच्या गिऱ्हाइकांना तिची सवय नाही. भातावर काय घालायचं यावर मी दोन आठवडे घालवले. चपाती घातली, ती चिवट झाली. कोबीचं पान घातलं, त्याचा वास आला. शेवटी तांदळाच्या पिठाचं अगदी पातळ घावन घातलं, जाळी पडलेलं, मीठ थोडं जास्त घालून. जाळीतून रस हळूहळू उतरतो आणि घावन स्वतः इतकं चविष्ट होतं की माझा मुलगा मांस बाजूला सारून तेच आधी खातो.

काड्यांवर नेहमीच्या पोर्कवाल्याकडून खांद्याचं मांस, मध्ये कांदा. मसाला फक्त अर्ध्या काड्यांना, बाटली मसाला आणि व्हिनेगर. बाकीच्या अर्ध्या मिठाच्या. फवाऱ्यासाठी इस्त्रीच्या वेळी पाणी मारायची बाटली नवी आणली आणि त्यात नाताळासाठी घातलेली काळ्या मनुकांची घरची वाईन गाळून भरली. मागच्या अंगणात शेगडी पेटवली. पहिला फवारा मारला तेव्हा जो वास उठला, त्याने सासूबाई आतून काठी टेकत बाहेर आल्या.

त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. काडीवरचं मांस त्यांनी किती वर्षांत खाल्लं नव्हतं, कारण दातांनी ओढून तोडणं जमत नाही, आणि कुणी काढून दिलेलं त्यांना आवडत नाही. मी डबा त्यांच्या पुढ्यात ठेवला. ‘मम्मा, झाकण दाबा आणि काडी फिरवून ओढा.’ त्यांनी एका हाताने झाकण दाबलं, दुसऱ्या हाताने काडी ओढली. तिन्ही काड्या त्यांनीच काढल्या आणि ओळीने ताटलीत ठेवल्या. मग विचारलं, ‘आणखी आहे?’

पहिली खरी ऑर्डर डिसेंबरात कोलबाडच्या एका बिल्डिंगची, चोवीस डबे. त्यातल्या दोघांचे फोन आले, हे खायचं कसं. मी चूक केली होती, झाकणावर काही लिहिलं नव्हतं. आता प्रत्येक झाकणावर मार्करने लिहिते: झाकण दाबा, काडी फिरवा, ओढा. जानेवारीत घोडबंदर रोडला त्याच आजींकडे, बाळाच्या पहिल्या वाढदिवसाचे डबे गेले. यावेळी मी स्वतः रिक्षात बसून गेले. माजिवड्यापासूनच गर्दी होती. पन्नास मिनिटं लागली. मी मांडीवरचा एक डबा मधेच उघडून पाहिला, घावन ओलं झालं होतं, भात मोकळा होता, मसाल्याच्या काडीची कड अजून हाताला खरखरीत लागत होती.

आजींनी माझ्यासमोर एक काडी ओढली आणि हातात धरून उलटसुलट करून बघितली, तिच्यावर काही उरलं नाही ना म्हणून.

खाचा कात्रीने पाडायला अजून फार वेळ जातो. पन्नास डब्यांना दीड तास. पंचिंग मशीनसारखं काही मिळतं का ते बघायला मुलाला मस्जिद बंदरला पाठवणार आहे. भाचीने परवा फोनवर विचारलं, ‘मावशी, येताना काराशी आणू का?’ मी नको म्हटलं. इथे वाटीभर मोहरी फेसून ठेवली आहे, शनिवारच्या बावीस डब्यांत ती कोपऱ्यात घालून पाहायची आहे.